तीन नंबरच्या खोलीतला आवाज

आई : ...आणि हे त्या बर्फाच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा भुवयांवर बर्फ साठलेलं. मी पदराने पुसायला गेले तर हात झटकला माझा. बोलले काहीच नाही. माझ्याशी बोलणं तर त्यांनी सोडूनच दिलंय, पास्टर.

पास्टर : तुमच्याशीच, की सगळ्यांशी?

आई : माझ्याशीच. मालकाशी बोलतात, हमालांशी बोलतात, या कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसरशीसुद्धा बोलतात. मी ताट वाढलं की उठून जातात. परवा मी खोकत होते रात्रभर, शेजारची बाई भिंतीपलीकडून विचारायला आली, आणि हे एकाच खोलीत असून कूस बदलून झोपले.

पास्टर : टिल्लू गेल्यापासून असं?

आई : नाही ना, तेच तर मला कळत नाही. टिल्लूला माती देऊन आलो त्या दिवशी हा माणूस माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. सुरुवातीचे महिने आम्ही एकमेकांना धरून काढले, खोटं नाही सांगत. मग ते कामावर परत आले. टिल्लू ज्या खोलीत पेट्या लावायचा त्या तीन नंबरच्या खोलीत कुणाला जाऊ देईनात. म्हणाले, ती मीच बघणार. मी म्हटलं असू दे, मुलाची जागा आहे, तेवढंच बरं वाटत असेल त्यांना.

पास्टर : आणि ते आत कुणाशी तरी बोलतात, हे तुम्हाला कधी कळलं?

आई : डबा विसरले होते म्हणून घेऊन आले. हमाल म्हणाला, आत आहेत. दार एवढं जाड, पण त्या खालच्या रबराला कान लावला की ऐकू येतं थोडं. बोलत होते. थांबायचे, ऐकल्यासारखे, मग परत बोलायचे. आणि मध्येच हसले. टिल्लू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना हसताना ऐकलं मी, आणि डबा दारातच ठेवून परत फिरले.

पास्टर : डॉक्टरांकडे नेलं होतं?

आई : नेलं. गोळ्या दिल्यात, त्या घेतात. झोप लागते आता. पण आत जाऊन बसणं काही सुटलं नाही. मग ते प्रार्थनावाले ब्रदर आले होते, तेलाची बाटली घेऊन. सगळीकडे तेल शिंपडलं, घसा बसेपर्यंत ओरडले, आणि जाताना सांगून गेले की मुलाचा आत्मा अडकलाय आणि घरातल्या बाईचं काहीतरी लपलेलं पाप आहे.

पास्टर : तुमचे मिस्त्री काय म्हणाले?

आई : त्यांना हाकललंच. फरशी घसरडी केली म्हणून.

पास्टर : फरशीबद्दल मी मिस्त्रींच्या बाजूने आहे. आणि दुसऱ्या गोष्टीबद्दल, ताई, ते मनातून काढून टाका. प्रभूची माणसं मेली की प्रभूच्या हातात असतात. ती कोल्ड स्टोरेजमध्ये ड्युटीवर येत नाहीत.

आई : मग आत कोण आहे?

पास्टर : ते मला अजून माहीत नाही. कदाचित कुणीच नसेल, नुसतं दुःख असेल. दुःखालाही तोंड फुटतं कधीकधी. आणि कदाचित दुःखाच्या दारातून दुसरं कुणी आत शिरलं असेल. मी ते नाकारत नाही. पण न बघता नावही ठेवत नाही.

आई : जिन्यावर वाजलं. ते येतायत गच्चीवरून.

मिस्त्री : या, पास्टर. वरून तुमची सायकल दिसली. हिने बोलावलं असणार.

पास्टर : हिने म्हणजे तुमच्या बायकोने. समोर उभ्या आहेत त्या.

मिस्त्री : दिसतंय मला. बसा. खुर्ची डुगडुगते, जपून. काय काम होतं?

पास्टर : तीन नंबरच्या खोलीतल्या घंटेचं काम होतं. माणूस आत अडकला तर दाबायची ती लाल घंटा. आत्ता हमालाला दाबायला सांगितली, वाजत नाही.

मिस्त्री : वायर काढलीय.

पास्टर : कुणी?

मिस्त्री : मी.

आई : अहो, का?

मिस्त्री : पास्टर, तिला सांगा, मशीनच्या कामात तिने बोलू नये.

पास्टर : मग मी विचारतो. का?

मिस्त्री : त्याला आवडत नाही. चुकून हात लागला, वाजली, की माणसं धावत येतात. मग तो बोलायचा थांबतो.

पास्टर : टिल्लू.

मिस्त्री : हो, टिल्लू. आता म्हणा, मिस्त्री, तुम्हाला वेड लागलंय. सगळे म्हणतात.

पास्टर : मी नाही म्हणत. तुम्हाला ऐकू येतं, एवढं मी मानतो. काय म्हणतो तो?

मिस्त्री : पहिल्यांदा नुसतं 'पप्पा' म्हणाला. थंड हवेचा ब्लोअर फिरत होता, मी गेज बघत होतो, आणि मागून 'पप्पा'. त्याचाच आवाज. तो 'प' जरा दाबून बोलायचा ना, तसाच. बापाला आपल्या पोराचा आवाज कळत नाही का?

पास्टर : आवाज कळतो. त्याबद्दल माझं भांडण नाही. आवाज ओळखीचा आहे म्हणून बोलणाराही ओळखीचा असतो, एवढंच मी धरून चालत नाही. पुढे काय म्हणाला?

मिस्त्री : बसा म्हणतो. अजून थोडं बसा. बाहेर काय आहे तुमचं, म्हणतो.

पास्टर : आणि तुम्ही बसता.

मिस्त्री : बसतो. तुमचं पोर बोलावत असतं तर तुम्ही घड्याळ बघितलं असतं का?

पास्टर : नसतं बघितलं. मला मूल नाही, पण नसतंच बघितलं. मिस्त्री, तो कधी म्हणतो का, पप्पा, आता पुरे, बाहेर जा, बोटं काळी पडतील?

मिस्त्री : नाही.

पास्टर : आईबद्दल विचारतो? कशी आहे, जेवली का, गुडघा दुखतो का. टिल्लू चर्चच्या पायऱ्यांवर आईचा हात धरल्याशिवाय चढला नाही कधी. सहा फुटांचा मुलगा, सगळी पोरं चिडवायची त्याला. तो आता एकदाही आईचं नाव काढत नाही?

मिस्त्री : काढतो.

आई : काढतो? काय म्हणतो माझ्याबद्दल?

मिस्त्री : पास्टर, हे राहू द्या.

पास्टर : आता राहू द्यायचं नाही.

मिस्त्री : म्हणतो... म्हणतो, आईने फोन केला नसता तर मी संध्याकाळपर्यंत तुमच्याजवळच असतो. आईने बोलावलं म्हणून निघालो. नाहीतर त्या ट्रकसमोर मी कशाला आलो असतो. हे तुम्हीच बोलायला लावलंत, पास्टर. आणि खोटं काय आहे त्यात? हिने फोन केला. मी इथेच उभा होतो, तो म्हणाला आई बोलावतेय, लवकर जाऊ का, मी म्हटलं जा. सगळ्यांना माहीत आहे.

पास्टर : खोटं आहे असं मी म्हटलंच नाही. तो खरं बोलतो की खोटं, यावर मी जात नाही. सैतानाला शास्त्र तोंडपाठ असतं. तो खऱ्यातलंच एक वाक्य उचलतो आणि त्याची सुरी करतो. ताई, बसा तुम्ही. पाणी देऊ?

आई : नको. मला एक सांगायचंय. मिस्त्री ऐकणार नसतील तर तुम्ही ऐका.

पास्टर : दोघंही ऐकतोय.

आई : हे जे वाक्य आहे ना, फोन केला नसता तर. ते मला रोज ऐकू येतं. भांडी घासताना येतं, प्रार्थनेला डोळे मिटले की येतं. मला त्यासाठी त्या थंड खोलीत जावं लागत नाही. आणि मला ते टिल्लूच्या आवाजात येत नाही, अहो. माझ्या स्वतःच्याच आवाजात येतं. तू मारलंस त्याला, तू मारलंस त्याला. गेल्या आठवड्यात मी गॅसपाशी नुसतीच उभी राहिले होते, काडी हातात धरून. काय करणार होते ते मला माहीत नाही. शेजारणीने हाक मारली म्हणून खाली ठेवली.

मिस्त्री : हे मला का नाही सांगितलंस?

आई : कधी सांगणार?

पास्टर : मिस्त्री, ऐकलंत ना? एकच वाक्य. तुम्हाला मुलाच्या आवाजात, यांना यांच्या आवाजात. तुम्हाला बर्फात बसवतंय आणि यांना काडी ओढायला लावतंय. एक घर, दोन माणसं, दोघांना दोन दारांनी एकाच खड्ड्याकडे. मुलगा असं करतो?

मिस्त्री : दुःख असेल. तुम्हीच म्हणाला असाल हिला, दुःख आहे म्हणून. मी ओळखतो तुमचं बोलणं.

पास्टर : म्हणालो. मघाशी मला माहीत नव्हतं. दुःख माणसाला रडवतं, झोपू देत नाही, देवावर चिडायला लावतं. पण दुःख घंटेची वायर काढायला सांगत नाही. प्रभू जेव्हा दोष दाखवतो तेव्हा परत यायची वाटही दाखवतो. हा नुसता दोष दाखवतो आणि दार लावून घेतो. शास्त्रात त्याला एक नाव आहे, आरोप करणारा. मी आजवर ते फक्त वाचलं होतं.

मिस्त्री : आणि तुम्ही चुकत असाल तर? तो खरंच टिल्लू असला तर? मी माझ्या पोराला हाकलून देऊ?

पास्टर : पारखून बघू. शास्त्र तेच सांगतं, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखा. जो टिल्लू आहे त्याला पारखण्याची भीती नाही वाटणार. चला, आत जाऊ.

मिस्त्री : तुम्ही असलात तर बोलणार नाही कदाचित.

पास्टर : बघू. ताईही येतील.

मिस्त्री : ती नको.

पास्टर : का?

मिस्त्री : माहीत नाही. नको.

आई : मी येणार. माझा मुलगा आहे म्हणता ना आत? मग मी येणार.

मिस्त्री : मग कोट घाल. तो खुंटीवरचा. त्याचाच आहे. ...बटणं वरपर्यंत लाव.

(तिघं तीन नंबरच्या खोलीत जातात. जाड दार मागे ओढून घेतलं जातं. ब्लोअरची घरघर, छतापर्यंत रचलेल्या माशांच्या पेट्या, एक पिवळा दिवा.)

पास्टर : दार आतून उघडतं ना, मिस्त्री?

मिस्त्री : दांडा ढकलला की उघडतं. तो काही मी मोडला नाही.

पास्टर : बरं. प्रभू येशू, आम्ही तिघं इथे तुझ्या नावाने उभे आहोत. या घरावर तू प्रेम करतोस. जे तुझं नाही ते उघडं कर. बस, एवढंच. आता थांबायचं.

आई : किती थंड आहे हो. इथे बसता तुम्ही?

मिस्त्री : शू.

पास्टर : बोलतोय?

मिस्त्री : हो.

आई : मला काही ऐकू येत नाही. टिल्लू? बाळा, मी आहे. काय म्हणतोय, अहो? माझ्याबद्दल काही म्हणतोय?

पास्टर : मिस्त्री, काय म्हणतोय?

मिस्त्री : म्हणतोय, तिला बाहेर पाठवा.

आई : मला?

मिस्त्री : तिला बाहेर पाठवा, पप्पा. परत परत तेच. आवाज चढलाय.

आई : तापात असताना ज्याने माझा पदर मुठीतून सोडला नाही, तो मला बाहेर पाठव म्हणतो?

पास्टर : त्याला विचारा, मिस्त्री. प्रभू येशू तुझा प्रभू आहे का, असं सरळ विचारा.

मिस्त्री : टिल्लू... प्रभू येशू तुझा प्रभू आहे का? ...

पास्टर : काय म्हणाला?

मिस्त्री : उत्तर नाही दिलं. थंडी वाजते म्हणतो. पप्पा, मला थंडी वाजते. फार थंडी वाजते. बिचारा. लहानपणी कान दुखायचा तेव्हा असाच रडायचा.

आई : पास्टर, ते कोट काढतायत. अहो, कोट काढू नका. बटणं लावा ती.

मिस्त्री : त्याला थंडी वाजतेय गं. तुला कळत नाही का? इतके महिने तो इथे आहे, नुसत्या शर्टावर.

पास्टर : मिस्त्री, हात थांबवा. मी तुमचे हात धरणार नाही, तुम्हीच थांबवा. एक सांगा मला. टिल्लू तुमच्याबरोबर इथे काम करायचा. त्याने कधी तुमचा कोट मागितला होता? आठवून सांगा.

मिस्त्री : नाही.

पास्टर : थंडी वाजली की काय करायचा?

मिस्त्री : स्वतःचा काढून मला द्यायचा. मी ओरडायचो. गाढवा, न्युमोनिया होईल म्हणायचो. तो म्हणायचा, पप्पा, मी तरुण आहे, तुम्ही जुनं मशीन आहात, तुम्हाला गरम ठेवायला पाहिजे.

आई : मला हे कधी सांगितलं नाहीत.

मिस्त्री : हा माझा कोट मागतोय.

पास्टर : हो.

मिस्त्री : पास्टर, हा माझा कोट मागतोय.

पास्टर : ऐकतोय मी. आता तुम्हाला बोलावं लागेल.

मिस्त्री : तुम्ही बोला. तुम्ही पास्टर आहात.

पास्टर : मी हाकललं तर उद्या तुम्ही परत बोलवाल. याला आत तुम्ही घेतलंत, ऐकून ऐकून घेतलंत. अधिकार प्रभूचा आहे, माझा नाही, आणि तो विश्वास ठेवणाऱ्या बापालाही तेवढाच दिलाय. मी बाजूला उभा आहे. ताई आहेत.

मिस्त्री : प्रभू येशूच्या... होत नाही. त्याच्याच आवाजात रडतोय तो.

आई : हात द्या. इकडे. मी धरलाय.

मिस्त्री : प्रभू येशूच्या नावाने तुला सांगतो. तू माझा मुलगा नाहीस. माझा मुलगा प्रभूजवळ आहे. त्याच्या आईने त्याला मारलं नाही. तिने फोन केला, कुठलीही आई करते. मी जा म्हटलं, कुठलाही बाप म्हणतो. ट्रकवाल्याचा डोळा लागला. तू निघून जा इथून. या खोलीतून जा, माझ्या कानातून जा, हिच्या कानातून जा. आणि परत त्याच्या आवाजात बोलू नकोस. त्याचा आवाज घेऊ नकोस तू.

पास्टर : आमेन.

आई : आमेन.

पास्टर : मिस्त्री?

मिस्त्री : ब्लोअर.

पास्टर : काय?

मिस्त्री : नुसता ब्लोअर ऐकू येतोय. बेअरिंग खराब झालंय त्याचं, घासतंय. मला इतके दिवस कळलं नाही.

पास्टर : चला बाहेर. दांडा ढकला, ताई. जोरात.

आई : बसा इथे, कॉम्प्रेसरजवळ, गरम आहे. खाली बसलात तरी चालेल. ओठ बघा कसे झालेत.

मिस्त्री : मी त्याला दुसऱ्यांदा माती दिली, पास्टर.

पास्टर : हो.

मिस्त्री : तुम्ही म्हणायला पाहिजे, नाही, तसं नाही, मिस्त्री, तो टिल्लू नव्हताच.

पास्टर : तो टिल्लू नव्हता. पण आवाज त्याचा होता, आणि तो आवाज तुम्ही तुमच्या तोंडाने बंद केलात. त्याचं ओझं असायचंच. ते नाही असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही.

मिस्त्री : आता मला तो कुठेच ऐकू येणार नाही.

पास्टर : या जन्मात नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी ऐकाल. ते मी त्याला माती देताना तुम्हाला सांगितलं होतं, आजही तेच सांगतो, दुसरं काही माझ्याजवळ नाही.

मिस्त्री : ते फार लांब आहे.

पास्टर : लांब आहे.

मिस्त्री : आणि उद्या हा परत बोलला तर?

पास्टर : बोलेल कदाचित. घर रिकामं दिसलं की तो परत येतो, आणि एकटा येत नाही. म्हणून रिकामं ठेवायचं नाही. एकट्याने त्या खोलीत जायचं नाही. इथे पाइप जोडणारा तो दुसरा मिस्त्री आहे ना, त्याला बरोबर न्या. गोळ्या चालू ठेवा. आणि घंटेची वायर मी इथे असतानाच जोडा.

मिस्त्री : जोडतो. बोटं जरा हलू द्या. ...तुम्ही याल का अधूनमधून?

पास्टर : येईन. पण तुम्हाला माझी जेवढी गरज आहे त्यापेक्षा दुसऱ्या कुणाची जास्त आहे. मी बाहेर सायकलपाशी थांबतो. वायर जोडली की घंटा वाजवा, म्हणजे मी निघतो.

आई : पास्टर, बाहेर आल्यावर यांना गुंडाळलात तो तुमचा मफलर.

पास्टर : असू दे त्यांच्या गळ्यात. नंतर घेईन.

मिस्त्री : बाहेर गेले?

आई : गेले.

मिस्त्री : बोल काहीतरी.

आई : काय बोलू?

मिस्त्री : काहीही. कान फार रिकामे झालेत. घरातलं काहीतरी बोल.

आई : घरातलं काय... मोरीतला नळ गळतोय.

मिस्त्री : कधीपासून?

आई : त्या दिवसापासून. सकाळी बंदच होईना, पाणी पार उंबऱ्यापर्यंत आलं. तुम्ही कामात असाल म्हटलं, म्हणून त्याला फोन केला होता.

मिस्त्री : आणि अजून तसाच?

आई : खाली बादली ठेवते. भरली की ओतते, परत ठेवते.

मिस्त्री : थांब. वायर जोडून घंटा वाजवतो, मग पाना घेतो बरोबर.